लाइट गेली तरी मालिका रेकॉर्ड होईल का?

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर लाइट जायचा काही नेम नाही. मालिका रंगात आली की नेमका अंधार. मुलाने रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स बसवून दिला आणि म्हणाला, "टीव्ही बंद असला तरी रेकॉर्ड होतं, आई, तू निश्चिंत राहा." पण लाइट गेली त्या दिवशी काहीच रेकॉर्ड झालं नाही. एकदा तर अर्धाच भाग मिळाला. टीव्ही बंद असलेला चालतो, मग लाइट गेलेली का चालत नाही? घरात इन्व्हर्टर आहे, तरीही असं का व्हावं?
— एक वाचक भगिनी, विटा

उत्तर : मुलाचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. या सगळ्या व्यवहारात टीव्ही नुसता बघ्या असतो. कार्यक्रम पकडायचा, उलगडायचा आणि साठवायचा, ही तिन्ही कामं बॉक्सची. टीव्ही बंद असो, दुरुस्तीला गेलेला असो, बॉक्सला त्याचं सोयरसुतक नाही. पण बॉक्सला स्वतःला वीज लागते आणि त्याच्या पोटात बॅटरी नसते. मोबाइल, लॅपटॉप वापरून आपली अशी समजूत झाली आहे की कोणतंही शहाणं यंत्र वीज गेल्यावर तासभर तरी तग धरतं. सेट-टॉप बॉक्स त्यातला नाही. वीज गेली की तो त्याच क्षणी आडवा होतो.

आणि तो एकटाच आडवा होत नाही. गच्चीवरच्या डिशच्या तोंडापुढे दांडीवर जो डबीसारखा भाग असतो ना, ज्याला डिशवाले एलएनबी म्हणतात, त्यालाही वीज लागते. ती त्याला बॉक्सकडून, त्याच काळ्या केबलमधून मिळते : कधी १३ व्होल्ट, कधी १८ व्होल्ट. उपग्रहाकडून लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन तऱ्हांनी येतात. त्यांतल्या कोणत्या घ्यायच्या हे बॉक्स व्होल्टेज बदलून एलएनबीला सांगतो. म्हणजे घरातला बॉक्स बंद पडला की गच्चीवरची डिशही बहिरी झाली.

उपग्रहाला मात्र यातलं काही कळत नाही. तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे आणि तुमच्या फीडरवर काय झालं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तुमच्या घरात मेणबत्ती शोधायची धावपळ चालू असते तेव्हाही तो भाग तुमच्या गच्चीवर पडतच असतो, फक्त झेलायला कोणी नसतं. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की तासाभरासाठी त्या एका बॉक्सला वीज कुठून द्यायची.

त्याआधी अर्ध्या भागाचं कोडं सोडवू, कारण ते जास्त मजेशीर आहे.

तुमच्या बॉक्समध्ये हार्ड डिस्क असेल तर आत एक चकती मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते आणि तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर लिहिणारं डोकं तरंगत असतं. तरंगतं ते चकतीच्या फिरण्याने तयार होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर. वीज गेली, चकती थांबली, की हवेचा थर संपला आणि डोकं चकतीवर टेकून ओरखडा पडला, असं व्हायला हवं. ते होत नाही, कारण वीज गेल्यावरही चकती क्षणभर आपल्या वेगाने फिरतच राहते. त्या क्षणी तिची मोटार जनरेटरचं काम करते. त्यातून जी इवलीशी वीज निर्माण होते तिच्यावर डोकं बाजूला सरकून आपल्या जागी जाऊन बसतं. लाइट गेल्यावर बॉक्समधून बारीक 'टक्' असा आवाज कधी ऐकलात तर तो हाच. डिस्क स्वतःचा जीव वाचवते, पण रेकॉर्डिंग वाचवण्याएवढी वीज तिच्यापाशी नसते.

वीज जाईपर्यंत जेवढं लिहून झालं तेवढं मात्र बहुधा शाबूत राहतं. डिजिटल टीव्हीचं प्रक्षेपण १८८ बाइटच्या छोट्या छोट्या तुकड्यांनी येतं आणि प्रत्येक तुकड्यावर तो कशाचा आहे याची खूण असते. त्यामुळे मधेच तुटलेली फाइलही तुटेपर्यंत दिसू शकते. तुम्हाला अर्धा भाग मिळाला तो असा. मात्र कुठे काय ठेवलंय याची यादी डिस्कवर वेगळी लिहिली जाते. नेमकी ती लिहिताना वीज गेली, तर चित्रं डिस्कवर असूनही बॉक्सला सापडत नाहीत आणि तो 'रेकॉर्डिंग अयशस्वी' म्हणून मोकळा होतो. पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करणारे बॉक्स असतात, त्यांत फिरणारं काही नसतं, पण यादीची ही भानगड तिथेही आहेच.

लाइट दहा मिनिटांत परत आली तर? बॉक्स लगेच कामाला लागत नाही. आधी सुरू होणार, मग सिग्नल पकडणार, कार्ड तपासणार, कार्यक्रमांचं वेळापत्रक भरणार. यात काही मिनिटं जातात. रेकॉर्ड करण्यासाठी लावून ठेवलेल्या कार्यक्रमांची नोंद मात्र पुसली जात नाही आणि घड्याळही बॉक्स उपग्रहाच्या सिग्नलवरूनच लावून घेतो. त्यामुळे कार्यक्रम अजून चालू असेल तर बरेच बॉक्स उरलेला तुकडा दुसरं रेकॉर्डिंग म्हणून साठवतात. यादीत एकाच भागाची दोन नावं दिसली तर दुसरं लगेच पुसू नका.

आता इन्व्हर्टर. घरात इन्व्हर्टर असून बॉक्स बंद पडतो, याची मला तीन कारणं दिसतात. पहिलं अगदी साधं आहे आणि बहुतेक घरांत तेच निघतं. इन्व्हर्टर बसवताना वायरमन प्रत्येक खोलीतली एक ट्यूब आणि एक पंखा त्याच्या लाइनवर घेतो. टीव्हीमागचा सॉकेट तो मुद्दाम सोडतो, कारण तुम्ही इन्व्हर्टरवर टीव्ही लावून बसाल आणि रात्री पंखा बंद पडला की त्याच्या नावाने बोटं मोडाल, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. तपासायचं असेल तर दिवसाउजेडी मेन स्विच पाडा आणि बॉक्सवरचा दिवा बघा. पूर्ण विझला आणि विझलेलाच राहिला, तर बॉक्स इन्व्हर्टरवर नाही.

दिवा क्षणभर जाऊन परत आला आणि बॉक्स नव्याने सुरू व्हायला लागला, तर दुसरं कारण. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला थोडा वेळ लागतो. त्याच्या पाठीमागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं : एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला काही कंपन्या 'नॉर्मल' लिहितात, काही 'इको'. यूपीएस मोडमध्ये हा बदल साधारण १० ते १५ मिलिसेकंदांत होतो, दुसऱ्या मोडमध्ये दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. पंख्याला, ट्यूबला याचा पत्ताही लागत नाही. बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये मात्र साठवलेली वीज जेमतेम एखाद्या आवर्तनापुरती असते आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. त्याहून जास्त खंड पडला की बॉक्सच्या दृष्टीने लाइट गेलीच.

मग बटण 'यूपीएस'कडे सरकवलं की झालं, असं कोणीही सांगेल. शहरात असाल तर तसं कराच. पण विट्यासारख्या भागात मी जरा थांबेन. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर चोखंदळ होतो. साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची वीज तो नाकारतो आणि बॅटरीवर जातो. दुसऱ्या मोडमध्ये १००-११० व्होल्टपर्यंत तो चालवून घेतो. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज १७०वर उतरत असेल, तर लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरी खात बसेल आणि लाइट खरोखर जाईल तेव्हा बॅटरी रिकामी. एका बॉक्ससाठी सगळ्या घराची बॅटरी अशी उपाशी ठेवण्यात शहाणपण नाही.

तिसरं कारण तर विजेच्या कंपनीचंही नाही, आपलंच. टीव्ही बघून झाला की बोर्डावरचं बटण बंद करायचं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. रिमोटने बंद केलेला बॉक्स वेळ झाली की स्वतः रेकॉर्डिंग सुरू करतो. बटणानेच बंद केलेला काहीच करू शकत नाही, लाइट असली तरी. आता बिलाची बाजू. बरेच बॉक्स रिमोटने बंद केले तरी चालू असतानाच्या जवळपास तेवढीच वीज ओढतात. १५ वॉटचा बॉक्स दिवसरात्र लावून ठेवला तर ३० दिवसांत १०.८ युनिट होतात. रेकॉर्डिंग हवं असेल तर तेवढे मोजा, नको असेल तर खुशाल बटण बंद करा.

बॅटरी किती खाल्ली जाईल, ही भीतीही जरा मोजून बघू. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा घेतो. हातात १,१०० वॉट-तास येतात असं धरा. तीन पंखे आणि चार एलईडी ट्यूब मिळून साधारण ३०५ वॉट होतात, म्हणजे साडेतीन तासांच्या थोडं वर. त्यात २० वॉटचा बॉक्स टाकला तर वेळ कमी होतो फक्त तेरा-चौदा मिनिटांनी. ३२ इंची एलईडी टीव्हीही लावला तर आणखी ५० वॉट गेले, तेव्हा तो मात्र बंद ठेवा. मुलाच्या सांगण्याचा खरा उपयोग इथे आहे. टीव्ही बंद, बॉक्स चालू, आणि लाइट आल्यावर निवांत बघायचं.

मला विचाराल तर तुम्ही इन्व्हर्टरला हात लावू नका. कॉम्प्युटरसाठी मिळतो तो ६०० व्हीएचा छोटा यूपीएस टीव्हीच्या कपाटात ठेवा आणि त्यावर फक्त बॉक्स लावा. बदल इतका झटकन होतो की बॉक्सला कळत नाही आणि थोडंफार कमी-जास्त व्होल्टेजही हा यूपीएस सांभाळून घेतो. आत १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असते. २० वॉटच्या बॉक्सला नवेपणी दीड तास तरी सहज पुरते. दोन-तीन वर्षांनी ती थकते, तेव्हा यूपीएस न टाकता नुसती बॅटरी बदलून घ्या. लाइट गेली की हा यूपीएस टीं-टीं ओरडत बसतो, तेवढा त्रास सोसावा लागेल. आवाज बंद करायची सोय आहे का, हे दुकानातच विचारा.

हल्ली वायफायच्या राउटरसाठी हातात मावेल एवढा मिनी यूपीएस मिळतो, तोही काही बॉक्सना चालतो. पण डोळे झाकून लावू नका. बॉक्सच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत '१२ व्होल्ट, १.५ अँपिअर' किंवा '१२ व्होल्ट, २ अँपिअर' असं लिहिलेलं असतं. मिनी यूपीएसचे व्होल्ट नेमके तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. शेजारीच गोल चिन्हात अधिक-उणे दाखवलेलं असतं, तेही जुळलं पाहिजे. पिन बसली म्हणजे जमलं असं नव्हे. शिवाय हार्ड डिस्कचा बॉक्स सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो, त्याला जेमतेम मापाचा मिनी यूपीएस पुरत नाही. आणि ज्या बॉक्सची वायर मधे अडॅप्टर न घेता थेट २३० व्होल्टच्या प्लगमध्ये जाते, त्याच्यासाठी हा मार्गच बंद.

आता एक आगाऊ सल्ला. रोजच्या मालिकेसाठी एवढा खटाटोप करावा का? झी मराठीची मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीची जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीची सोनी लिव्हवर असते. शिवाय वाहिन्या दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपणही दाखवतात. लाइट गेल्याने मालिका बुडते हे पूर्वी खरं होतं, आज ती फार तर दुसऱ्या दिवसावर जाते. यूपीएसचे पैसे वसूल होतात ते एकदाच घडणाऱ्या गोष्टींसाठी : क्रिकेटचा सामना, निवडणुकीचा निकाल, नात गावच्या शाळेच्या संघातून खेळताना स्थानिक वाहिनीवर दिसली तो अर्धा तास. आषाढी एकादशीची पंढरपूरची शासकीय महापूजा भल्या पहाटे सह्याद्रीवर दाखवतात. ती रेकॉर्डला लावून झोपायचं असेल आणि पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसेल, तर यूपीएसला पर्याय नाही.

पावसाळ्याचं निघालंच आहे तर दोन गोष्टी. जोराच्या सरीत डिशचा सिग्नल जातो तो लाइटमुळे नव्हे. या लहरींची वारंवारता ११-१२ गिगाहर्ट्‌झच्या घरातली असते आणि दाट पाऊस त्या शोषून घेतो. तिथे कोणताही यूपीएस कामाचा नाही, रेकॉर्डिंगमध्ये भोकं पडणारच. दुसरी गोष्ट गंभीर आहे. विजा कडाडत असतील तेव्हा रेकॉर्डिंग विसरा. वादळ जवळ यायच्या आधीच बॉक्सचा प्लग काढा आणि डिशची केबलही काढून ठेवा. नुसता प्लग काढून भागत नाही. गच्चीवरून येणारी केबल हीसुद्धा वाटच आहे. डोक्यावर गडगडाट सुरू झाल्यावर मात्र कशालाच हात लावू नका.

प्रश्न : माझ्याकडे डिश नाही, केबल आहे. बॉक्स आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. लाइट गेल्यावर दिवे चालू राहतात, पण टीव्हीवर 'सिग्नल नाही' असं येतं. इन्व्हर्टरमध्ये दोष आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : इन्व्हर्टर ठणठणीत आहे. केबलवाल्याच्या नियंत्रण कक्षापासून तुमच्या घरापर्यंत वाटेत ठिकठिकाणी सिग्नल वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर असतात, खांबावर किंवा एखाद्या इमारतीच्या जिन्यात. ते त्या-त्या ठिकाणची वीज घेतात. सगळ्या भागाची लाइट गेली की तेही गेले, मग तुमचा बॉक्स जागा राहून करणार काय? फक्त तुमच्या इमारतीचा फ्यूज उडाला आणि गल्लीत लाइट आहे, अशा वेळी कदाचित चित्र दिसेल. केबलवाल्याने अ‍ॅम्प्लिफायरला बॅटरी लावली आहे का, हे त्यालाच विचारावं लागेल. डिशच्या बाजूने बोलायचं तर हा एक मुद्दा पुरेसा आहे : उपग्रह आणि तुमची गच्ची यांच्यामध्ये कोणाचा खांब नाही.

घरापर्यंत फायबरची जोडणी असेल तर परिस्थिती बरी. काचेच्या तंतूला वाटेत सहसा वीज लागत नाही. कंपनीच्या केंद्रात आणि तुमच्या घरातल्या डबीला मिळाली की पुरते. मिनी यूपीएसवर ती डबी आणि राउटर चालू ठेवा, मोबाइलवर मालिका बघा.

प्रश्न : आमच्या काळी व्हीसीआरवर टायमर लावून रेकॉर्ड करत असू. लाइट जाऊन आली की घड्याळात १२:०० लुकलुकत असे आणि रेकॉर्डिंग बोंबललेलं असे. आता तसं का होत नाही?
— एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : त्या घड्याळाला वेळ सांगणारं बाहेरून कोणी नव्हतं. वेळ आणि टायमर दोन्ही यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असत. वीज गेली की दोन्ही पुसलं जाई. काही मॉडेलांत कपॅसिटर असे, तो काही मिनिटं निभावून नेई, पुढे तोही हात टेके. आजचा बॉक्स वेळ उपग्रहाकडून घेतो आणि रेकॉर्डिंगची यादी डिस्कवर किंवा वीज गेल्यावरही न पुसणाऱ्या चिपमध्ये ठेवतो.

तुमच्याकडे टायमरचा व्हीसीआर होता म्हणजे तुम्ही भाग्यवान. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं त्या १९८७-८८च्या काळात पुष्कळ घरांत भाड्याने यायचा तो व्हीसीपी, म्हणजे नुसता कॅसेट दाखवणारा. त्यात रेकॉर्ड करायची सोयच नव्हती. आणि घरी कार्यक्रम टेप करून सवडीने बघणं हा कॉपीराइटचा भंग आहे का, यावर अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता. १९८४मध्ये ५ विरुद्ध ४ अशा एका मताच्या फरकाने प्रेक्षक जिंकले.

बॉक्सबद्दल विचारणाऱ्या वाचकांना एक विनंती. बॉक्सच्या मागच्या लेबलवरचं मॉडेल आणि अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर पत्रात जरूर लिहा, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल. कार्ड क्रमांक आणि ग्राहक क्रमांक मात्र कृपया पाठवू नका, त्यांची आम्हाला गरज नाही.